विंडसरचं छप्पर नीट बघ

प्रिय सुहास,

इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर कॅसलला जातो आहेस, तर तिथल्या सेंट जॉर्जेस हॉल या मेजवानीच्या मोठ्या दालनात शिरताच आधी मान वर कर. किल्ला ११व्या शतकातला, विल्यम द कॉन्कररने उभारलेला. या हॉलचं छप्पर मात्र १९९७ सालचं. आणि माझं ठाम मत आहे की जे जळालं त्याहून हे अस्सल आहे.

२० नोव्हेंबर १९९२ ला खासगी प्रार्थनागृहात दिव्याच्या उष्णतेनं पडदा पेटला. आग सुमारे १५ तास धुमसली, ११५ खोल्यांना झळ पोचली. वायरिंगचं काम चालू असल्यानं बरीच चित्रं आणि सामान आधीच हलवलेलं होतं, म्हणून संग्रह वाचला. पण आगीनंतरचं संकट ती विझवताना ओतलेल्या पाण्याचं असतं. जाड दगडी भिंती पाणी पितात आणि ते फार सावकाश सोडतात. त्या वाळण्याआधी गिलावा-रंग उरकला तर तो फुगून सुटतो. भिंतीत गेलेली तुळयांची टोकं आतून कुजतात आणि वरून काही दिसत नाही. घाई तिथेच नडते.

आता छप्पर. १८२० च्या दशकात वास्तुविशारद वायटव्हिलनं केलेलं जुनं छत लाकडाचं नव्हतंच, ओकसारखा रंगवलेला गिलावा होता! वास्तुविशारद जाइल्स डाउन्स यांनी त्याची नक्कल न करता खऱ्या ओकचं नवं छप्पर योजलं, तेही ओल्या, म्हणजे न वाळवलेल्या ओकचं. आपल्याकडे सुतार सागवान वाळवूनच हातात घेतो, म्हणून तुला हे उलटं वाटेल. पण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही, आणि जाड तुळई आतपर्यंत वाळायला कित्येक वर्षं लागतात.

ओलं लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. मग सांधा ढिला का पडत नाही? एका लाकडाची कूस (टोकाला कोरलेली जीभ) दुसऱ्याच्या खाचेत बसते, त्यांतून लाकडी खुंटी जाते. जुनी पद्धत अशी की कुशीतलं भोक खाचेच्या भोकाच्या अगदी रेषेत पाडायचं नाही, कुशीच्या बुडाकडे २-३ मिमी सरकवायचं. वाळक्या ओकची निमुळती खुंटी ठोकली की ती किंचित वाकते आणि सांधा ओढून धरते. फरक जास्त ठेवला तर खुंटी मोडते किंवा कूस चिरते. साधा लोखंडी खिळा चालत नाही: ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे तो गंजतो आणि लाकडावर निळे-काळे डाग उतरतात.

ओल्या ओकच्या कामात तुळईवर लांब भेगा दिसल्या तर दचकू नकोस. वाळताना त्या पडायच्याच. काळजी करायची ती खुंटीच्या भोकातून गेलेल्या भेगेची. छोटी दुर्बीण ने. गार्टर या इंग्लंडच्या जुन्या मानाच्या पदवीच्या सरदारांच्या ढाली वर आहेत, त्यांत काही कोऱ्या आहेत: ज्यांचा मान काढून घेतला गेला त्यांच्या.

ग्रँड रिसेप्शन रूम मात्र पूर्वीसारखीच उभी केली आहे, सोनेरी कामासकट. जिथे पूर्वीचं पुरेसं उरलं होतं तिथे तसंच, जिथे नव्हतं तिथे नवं. हा निवाडा मला पटतो.

किल्ला सहसा मंगळवार-बुधवारी बंद असतो आणि सेंट जॉर्जेस चॅपल रविवारी पाहुण्यांना बंद. तेव्हा सोमवार किंवा गुरुवार धर, आणि तिकिटाआधी तारीख एकदा तपास.

तुझा,
अविनाश