डेस्कटॉपविना प्रात्यक्षिक हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आणि आपल्या भागातल्या मुलामुलींना तिथे नोकऱ्या मिळू लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. मी याच पट्ट्यात सर्व्हर सांभाळते आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना तयार करण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. ही मुले हुशार आहेत. प्रोग्रामिंग येते, क्लाउडची प्रमाणपत्रे असतात. पण डेस्कटॉप नाही, माऊस नाही, नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची ओळ आहे, अशा मशीनवर साध्या टेक्स्ट फाइलमधली एक ओळ बदलायला सांगितली की अडतात.

गेल्या पावसाळ्यातली रात्रपाळी सांगते. एका सर्व्हरची जुनी डिस्क काढली होती, पण मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ फाइलमधली तिची ओळ तशीच राहिली होती. रीबूट केल्यावर मशीन दीड मिनिट त्या डिस्कची वाट पाहत बसले आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाऊन थांबले. सोबतच्या मुलाने सवयीने ‘नॅनो’ या सोप्या टेक्स्ट एडिटरचे नाव टाइप केले. उत्तर आले, कमांड नॉट फाउंड. ‘व्हीआय’ हा दुसरा एडिटर उघडला तर अक्षरे उमटेनात, कारण तो उघडतोच कमांड मोडमध्ये, जिथे कळा अक्षरे न लिहिता आज्ञा देतात. आधी ‘आय’ दाबायचे, मग लिहायचे, झाले की एस्केप. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकून ती बाद केली, तर फाइल सेव्ह होईना. रूट फाइल सिस्टिम, म्हणजे मशीनच्या मुख्य फाइलींची जागा, रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) माउंट झाली होती. ती रीड-राइट करून रिमाउंट केली, कोलन-डब्ल्यू-क्यू टाइप करून फाइल सेव्ह केली आणि मशीन उठले. काम पाच मिनिटांचे, पण त्या मुलाला चार वर्षांच्या पदवीत हे कुणी एकदाही करायला लावले नव्हते. यात त्याचा काय दोष?

‘जुने झाले ते, आता कोण वापरतो?’ असे काही प्राध्यापक म्हणतात. व्हीआय जुना आहे खरा. बिल जॉय यांनी तो १९७६ मध्ये बर्कलीत लिहिला. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते, म्हणून आजही त्या कळांनी कर्सर हलतो. एवढे सांगितले की मुलांना त्या कळा पाठ कराव्या लागत नाहीत. लिनक्सच्या अनेक कमांड एकाच छोट्या प्रोग्राममध्ये बांधणारा बिझीबॉक्सही १९९५ चा. डेबियन या लिनक्स प्रणालीची इन्स्टॉलेशन एका फ्लॉपीत मावावी म्हणून ब्रूस पेरेन्स यांनी तो तयार केला. आज घरोघरच्या कितीतरी राउटरमध्ये आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (ॲप्लिकेशन वेगळे चालवायच्या बंदिस्त चौकटीत) तोच आहे. त्यातला व्हीआय अगदी आटोपशीर, रंगबिंग काही नाही. डेबियनच्या नेहमीच्या कंटेनर इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून तयार होतो त्या साच्यात) तर व्हीआयसुद्धा नसतो. तिथे एडिटर न उघडता ‘सेड’ या कमांडने ओळ बदलता आली पाहिजे.

माझ्या मते फाइल नीट वाचता येणे त्याहून महत्त्वाचे. काही जीबीचा लॉग, म्हणजे मशीनने लिहिलेली घडामोडींची नोंदवही, ‘कॅट’ कमांडने थेट पडद्यावर ओतला की पडदा धावत सुटतो आणि हाती काही लागत नाही. फाइल पानापानाने दाखवणाऱ्या ‘लेस’ कमांडला सुरुवातीला अख्खी फाइल वाचावी लागत नाही, त्यामुळे फाइल लगेच उघडते. स्लॅश देऊन शब्द शोधा, कॅपिटल जी दाबून शेवटाला जा, कॅपिटल एफ दाबून नव्या ओळी येताना पाहा. बिघाडाचे कारण बहुतेकदा तिथेच लिहिलेले असते. आणि कुठल्याही कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलला हात लावण्याआधी ‘सीपी’ने तिची प्रत काढून ठेवायची, ही शिस्त तर पहिल्याच दिवशी लागायला हवी.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना, पॉलिटेक्निक आणि आयटीआयना माझी विनंती आहे की एका सत्रात तरी काही प्रात्यक्षिके डेस्कटॉपविना घ्या आणि त्यांना गुण ठेवा. लॅबमधल्या जुन्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन (पीसीतच चालणारा आभासी संगणक) चालते, वेगळा खर्च नाही. परीक्षकाने एफएसटॅब बिघडवून द्यावी आणि विद्यार्थ्याने मशीन सुरू करून दाखवावे. शनिवारी येऊन हे शिकवायला मी तयार आहे, मानधन नको. इथल्या डेटा सेंटरांत काम करणारे माझे आणखी काही सहकारीही येतील. कॉलेजांनी फक्त लॅब उघडी ठेवावी.

आपली नम्र,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, ऐरोली