ग्राइंडरला लाकडाचे पाते नको

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

घरच्या घरी सुतारकाम करू इच्छिणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत हत्यारांची यादी आली होती. त्या यादीत अँगल ग्राइंडर (चकती फिरवून लोखंड घासायचे हातातले विजेचे यंत्र) आणि त्याला बसणारे लाकूड कापायचे दातेरी पाते सर्वांत वर होते, तर लाकूड तासायचा रंधा आणि खाचा कोरायची पटाशी 'पुढे-मागे घेता येतील' म्हणून तळाशी टाकली होती. सेवानिवृत्तीनंतर मी गेली नऊ वर्षे गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हाच उद्योग करतो आहे आणि माझ्या अनुभवाने ही उतरंड नेमकी उलटी आहे.

मीही सुरुवात ग्राइंडरनेच केली होती. दुकानदाराने चार इंची यंत्रासोबत तसले पाते हातात ठेवले आणि 'यात सगळे होते' असे सांगितले. ऐन पावसाळ्यात ओल न गेलेली फणसाची फळी दोन स्टुलांवर आडवी टाकून मी मधोमध कापू लागलो. फळी मध्ये झुकली, वरची चीर मिटली, पाते त्यात आवळले गेले आणि यंत्र हातातून उसळून थेट मांडीवर आले. बटण सरकवायचे असल्याने हात सुटला तरी ते फिरतच होते; मुलाने धावत येऊन प्लग ओढला तेव्हा थांबले. सात टाके पडले. जाड पँट होती म्हणून तेवढ्यावर निभावले.

यात माझा अडाणीपणा होताच, पण यंत्राची घडणही समजून घेतली पाहिजे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो, म्हणजे पात्याची कड ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. हे यंत्र लोखंड झिजवणाऱ्या चकतीसाठी केलेले आहे. चकती घासते, दाते मात्र लाकडात रुततात आणि रुतले की यंत्रालाच उचलून फेकतात. सर्क्युलर सॉला, म्हणजे लाकडासाठीच केलेल्या गोल पात्याच्या विजेच्या करवतीला, पात्याचा खालचा भाग आपोआप झाकणारे आवरण असते, बटण सोडले की वीज तुटते. ग्राइंडरचे आवरण जेमतेम अर्धे पाते झाकते आणि लाकडाचे पाते बसवताना पुष्कळ जण तेही काढून ठेवतात. हातमोजे घातले की झाले, असेही कोणी समजू नये. मोजा पात्यात अडकला की बोटेही ओढली जातात. आपले मिस्त्री फरशी कापायच्या मार्बल कटरने प्लायवूड सरसर कापतात ते पाहून हुरूप येतो खरा, परंतु त्यांतल्या किती जणांची दहाही बोटे शाबूत आहेत, हेही कधीतरी बघावे.

त्यापेक्षा येथील लक्ष्मीपुरीच्या बाजारातून एक बारीक दातांची करवत, दोन, चार आणि आठ सुताच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तीन पटाश्या, एक लोखंडी रंधा, काटकोन आखायचा गुण्या, धार लावायचा दुहेरी दगड आणि लाकूड आवळून धरायचे चार क्लॅम्प घ्यावेत. क्लॅम्पमध्ये काटकसर करू नये, कारण लाकूड हलले नाही की निम्मे अपघात तिथेच टळतात. गुण्या दुकानातच तपासून घ्यावा: सरळ कडेच्या फळीला तो लावून एक रेघ मारावी, मग त्याच कडेला उलटा लावून त्याच ठिकाणाहून दुसरी मारावी, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर जेवढी फाक तिच्या निम्मी त्याची चूक. मी हे करू लागलो तेव्हा दुकानदार वैतागला, पण चौथा गुण्या बरोबर निघाला.

आणि धार. नवी पटाशी दुकानातून धारदार येत नाही, ही गोष्ट त्या यादीत कुठेच नव्हती. आधी तिची सपाट पाठ दगडावर घासून आरशासारखी करावी, मग तिरकी बाजू साधारण 30 अंशांत धरून पाठीमागच्या कडेवर वळलेल्या धातूची बारीक कोर बोटाला लागेपर्यंत घासावी आणि ती कोर पाठ टेकवून काढून टाकावी. अशा पटाशीने सागवानाच्या फळीच्या आडव्या कापलेल्या टोकाचाही पातळ पापुद्रा निघतो आणि कापलेला भाग चकाकतो. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली पटाशी निसटून दुसऱ्या हाताकडे जाते.

आपल्याकडच्या पावसात चार महिने पात्यांना मशीनच्या तेलाचा हलका हात द्यावा.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. येथील संस्थेने शिकवणारे निदेशक आणि बाके वापरून शनिवार-रविवारी हौशी लोकांसाठी चार-सहा आठवड्यांचा वर्ग काढावा, त्याला रास्त शुल्क घ्यावे आणि पहिले दोन आठवडे फक्त धार लावणे व आखणी शिकवावी, अशी माझी विनंती आहे. तोवर आपण निदान त्या यादीतले दातेरी पाते वगळून ती पुन्हा छापावी.

आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर