आधी धूर धुवा, मग कार्बन पकडा

संपादक महोदय,

औष्णिक वीज प्रकल्पांतील कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या योजनांविषयी बोलताना चर्चा बहुधा किती टन वायू पकडणार आणि तो कोठे साठवणार एवढ्यापुरतीच राहते. ज्या अमाइनच्या (कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवणाऱ्या, अमोनियाच्या जातकुळीतील सेंद्रिय रसायनाच्या) द्रावणाने तो पकडायचा ते द्रावण किती काळ टिकते, हे सहसा कोणी विचारत नाही.

अमाइनने वायू धुण्याचे तंत्र १९३० च्या पेटंटइतके जुने आहे आणि नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या आपल्या प्रकल्पांत ते रुळलेले आहे. मात्र त्या वायूत ऑक्सिजन जवळजवळ नसतो. कोळशाच्या धुरात तो काही टक्के असतो. अमाइन धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषते त्या शोषक मनोऱ्यात सुमारे ४० अंश सेल्सिअसला हा ऑक्सिजन अमाइनचे विघटन करतो, त्यातून अमोनिया आणि फॉर्मिक, ऑक्झॅलिक यांसारखी आम्ले तयार होतात, ही आम्ले पोलाद खातात आणि विरघळलेले लोह त्याच विघटनाला आणखी वेग देते. पुढे द्रावण तापवून पकडलेला वायू सोडवणाऱ्या रिबॉयलरमध्ये तापमान १२० अंशांपलीकडे गेले की उष्णतेनेही रेणू बिघडू लागतात. मोनोइथेनॉलअमाइन या प्रचलित अमाइनच्या बाबतीत पकडलेल्या प्रत्येक टनामागे दीड किलोच्या आसपास नासाडी धरली जाते. म्हणजे वर्षाला दहा लाख टन पकडणाऱ्या प्रकल्पाला दीड हजार टन नवे अमाइन लागणार, आणि खराब द्रावण शुद्ध करणाऱ्या रिक्लेमरमधून निघणारा गाळ घातक कचरा म्हणून हाताळावा लागणार तो वेगळाच.

कॅनडातील सास्काचेवान प्रांतात २०१४ मध्ये सुरू झालेल्या बाउंडरी डॅम प्रकल्पाने याची किंमत मोजली आहे. धुरातली बारीक राख द्रावणात शिरली, अमाइन अपेक्षेपेक्षा लवकर खराब झाले आणि प्रकल्पाला ठरलेले उद्दिष्ट गाठता आले नाही. आपल्या कोळशात तर राखच ३० ते ४५ टक्के असते!

गंधक आपल्या कोळशात कमी आहे, हे खरे. पण हवेच्या गुणवत्तेसाठी कमी असलेले गंधक अमाइनला कमी ठरत नाही. सल्फर डायऑक्साइड अमाइनशी जे क्षार बनवतो ते रिबॉयलरच्या उष्णतेने सुटत नाहीत. म्हणूनच मोनोइथेनॉलअमाइनकडे जाणाऱ्या धुरात त्याचे प्रमाण १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भागांच्या) खाली ठेवण्याचा प्रघात आहे. असे असताना जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुतांश औष्णिक प्रकल्पांना एफजीडी (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा) बसवण्यातून सूट मिळाली. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. परंतु अशा प्रकल्पाला उद्या कार्बन कॅप्चर जोडायचे झाल्यास धूर धुण्याचा वाचवलेला खर्च तेव्हा करावाच लागेल, आणि तो अंदाजपत्रकात आधीच दिसला पाहिजे.

पायपेरॅझिनसारखी अधिक टिकाऊ अमाइन्स, स्टेनलेस स्टीलचा वापर, द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन काढून टाकणे हे उपाय उपयोगी आहेत, पण ते अस्वच्छ धुराची भरपाई करू शकत नाहीत. विंध्याचल येथे एनटीपीसीचा रोज २० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ पासून आहे. तेथे प्रतिटन किती अमाइन खर्ची पडते, द्रावणात लोह आणि क्षार किती साठतात, धुराड्यातून अमोनिया किती जातो, ही आकडेवारी सार्वजनिक व्हावी, आणि मोठ्या प्रकल्पांच्या निविदांत अमाइनच्या प्रतिटन खपाची हमी ही अट असावी.

– एक निवृत्त रसायन अभियंता, ठाणे