युकुलेले माणशी एक नको, घरात दोन पुरेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेश प्रवासातील खरेदीविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात असा सल्ला आहे की, हवाईला जाणाऱ्या कुटुंबाने आठवण म्हणून प्रत्येक मुलाला एकेक छोटे युकुलेले (गिटारसारखे चार तारांचे वाद्य) घ्यावे आणि मोठ्या माणसांनी बोटांना ऐसपैस जागा मिळावी म्हणून बॅरिटोन या मोठ्या आकाराचे घ्यावे. या सल्ल्याचा पहिला भाग आम्ही गेल्या वर्षी लेख वाचण्याआधीच पाळून पस्तावलो आणि दुसरा भाग केवळ एका विक्रेत्याच्या भलेपणामुळे पाळायचा राहिला, म्हणून हे पत्र.

हवाईतल्या होनोलुलूला आम्ही घरची पाच माणसे गेलो होतो: मी, माझे पती, मुलगी आणि दोन नातवंडे. पहिल्याच संध्याकाळी भेटवस्तूंच्या एका दुकानातून मुलांसाठी दोन रंगीत युकुलेले घेतले. नातवाने तार सुरात लावावी, चारदा छेडावी आणि तिने पुन्हा उतरावे, असे रात्रभर चालले. नायलॉनच्या नव्या तारा चांगल्या वाद्यावरही पहिले काही दिवस ताणल्या जाऊन उतरतात, त्यामुळे आधी आम्ही तारांनाच दोष दिला. पण एक तार खुली छेडून मग तीच मानेवरच्या बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबून छेडली, तेव्हा खरा दोष कळला. त्या जागी खुल्या तारेचाच सूर नेमका एक सप्तक वर यायला हवा. आमच्याकडे तो स्पष्ट चढा येत होता. खुंट्या घट्ट करता येतात, पण पडदेच चुकीच्या जागी बसवलेले असतील तर ते वाद्य कोणालाही, कधीही सुरात लावता येत नाही. मुलांना मात्र वाटते की आपल्यालाच जमत नाही, आणि या खेळण्यांवरचा माझा खरा राग तेवढ्याचसाठी आहे.

तिसऱ्या दिवशी वाद्यांच्या दुकानात जाऊन पाचही जणांत मिळून एकच कॉन्सर्ट आकाराचे युकुलेले घेतले. सर्वांत छोट्या सोप्रानोचे पडदे यजमानांच्या बोटांना फार जवळजवळ पडत होते आणि त्याहून मोठे टेनर नातीच्या कवेत मावत नव्हते, म्हणून हा मधला आकार. हवाईतल्या कोआ झाडाच्या अखंड लाकडाचे वाद्य दिसायला आणि ऐकायला सुरेख असते, यात शंका नाही. पण अखंड लाकूड कोरड्या हवेत आकसते, क्वचित तडकतेही, आणि विमानातली हवा अतिशय कोरडी असते. पाच जणांच्या हातांतून फिरणाऱ्या, प्रवासात वागवायच्या वाद्याला थरांचे लॅमिनेटेड लाकूडच बरे, असे माझे मत आहे. जाणकार नाक मुरडतील, त्यांनी खुशाल मुरडावे.

एक वाद्य आणि पाच माणसे ही अडचण असेल असे वाटले होते, पण शिकण्याच्या दिवसांत तिचा फायदाच झाला. सी कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेले स्वर) एकच बोट लागते, शेवटच्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर; तारा मी वाद्य हाती धरल्यावर वरून खाली मोजते आहे. ए मायनरलाही एकच, पहिल्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. ते तसेच ठेवून तिसऱ्या तारेचा पहिला पडदा दाबला की एफ तयार होते. नातवाने मान धरून पडदे दाबायचे आणि नातीने शेजारी बसून उजव्या हाताने तारा छेडायच्या, असे एका वाद्यावर दोघांचे वादन पहिल्या तासातच सुरू झाले. मी लहानपणी पेटी शिकले असल्यामुळे कॉर्डपेक्षा सरगम शोधत होते. दुसरी तार खुली छेडली की पांढरी एकचा (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, म्हणजे सीचा) सा मिळतो, तिच्याच दुसऱ्या पडद्यावर रे. तिसरी तार खुली म्हणजे ग, पहिल्या पडद्यावर म, तिसऱ्यावर प. चौथी खुली म्हणजे ध, दुसऱ्या पडद्यावर नी आणि तिसऱ्यावर वरचा सा. पूर्ण शुद्ध सप्तक तिसऱ्या पडद्याच्या पुढे न जाता हाती येते. पहिली तार मात्र दुसरीपेक्षा चढी असते, त्यामुळे गिटारच्या सवयीने जाणारा माणूस तिथे हमखास फसतो.

चार दिवसांनी मात्र एक वाद्य कमी पडू लागले, कारण आता धून एकाला वाजवायची होती आणि साथ दुसऱ्याला करायची होती. तेव्हा त्याच दुकानातून एक सोप्रानो आणले. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर हे तिन्ही आकार सर्वसाधारणपणे पहिल्या तारेपासून जी-सी-ई-ए या स्वरांत लावतात, म्हणून एकावर शिकलेली बोटे दुसऱ्यावर जशीच्या तशी चालतात आणि वाद्ये हवी तशी अदलाबदल करता येतात. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन स्नेह्यांना युकुलेले वाटत असे आणि टॉम पेटी या गायकाच्या घरी त्याने एकदा एकदम चार ठेवून दिले होते. तेवढी ऐपत आणि तेवढे संगीत अंगात असेल तर गोष्ट वेगळी; आमच्यासारख्यांना दोन पुरतात, बाकीच्यांनी गावे.

वाटून घेणे हे या वाद्याच्या जन्मातच आहे. १८७९ साली पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून मजुरांना घेऊन एक जहाज होनोलुलूला आले. त्यातल्या तीन सुतारांनी आपल्याकडच्या माशेत या छोट्या वाद्यावरून पुढे तिथे युकुलेले घडवले. नावाचा प्रचलित अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा आहे, पण हवाईची राणी लिलिउओकलानी हिने तो ‘इथे आलेली भेट’ असा लावला होता. तिथे या वाद्याला उकुलेले म्हणतात. आपल्या लिपीत ते अगदी अचूक लिहिता येत असताना आपणही ‘यु’ लावून बसलो आहोत, हे जाता जाता.

परतीच्या प्रवासात सोप्रानोकडे कोणी पाहिलेही नाही. ते सुमारे २१ इंचांचे असते. कॉन्सर्ट सुमारे २३ इंचांचे. अनेक विमान कंपन्यांची हातातल्या बॅगेची लांबीची मर्यादा ५५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेबावीस इंचांच्या आसपास असल्याने कॉन्सर्टवरून विमानतळावरच्या खिडकीपाशी वाद झाला, तो वाद्य बाहेर काढून नातीने सी वाजवून दाखवल्यावर मिटला. असा प्रसंग नको असेल त्यांनी कंपनीला आधीच विचारावे. पावतीही जपावी आणि लाकूड कोणते ते तिच्यावर लिहून घ्यावे. मानेवरची पट्टी पुष्कळदा शिसवाची असते आणि शिसवाच्या साऱ्या जाती २०१७ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहेत. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली असली, तरी ब्राझिलियन शिसवावरचे कडक निर्बंध कायम आहेत.

आता बॅरिटोनविषयी. त्याच्या तारा डी-जी-बी-ई, म्हणजे गिटारच्या शेवटच्या चार तारांसारख्या लावतात. नात पांढरी एकमध्ये सी धरील आणि आजोबा हुबेहूब तीच बोटे ठेवून पांढरी पाचमधला जी वाजवतील. दोघांनी एकत्र वाजवायचे तर एकाला सगळी बोटे नव्याने शिकावी लागतील. यजमानांनी ते जवळजवळ पसंत केले होते, विक्रेत्याने नातीचे वाद्य शेजारी वाजवून हा फरक ऐकवला म्हणून वाचलो. आपल्या लेखातील निदान एवढे वाक्य पुढील अंकात दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक