आधी जॉब कार्डं बघ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. सेवा विभागांचा खर्च उत्पादन विभागांवर वाटायचं एकच गणित, पद्धत बदलली की उत्तर बदलतं, मग ‘बाबा, यातलं खरं कुठलं?’ फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझंच गणित घेऊ. मेंटेनन्स आणि कँटीन हे सेवा विभाग, मशीन शॉप आणि असेंब्ली हे उत्पादन विभाग. मेंटेनन्सचा खर्च १,००,००० रुपये, कँटीनचा ८८,०००. मेंटेनन्सचं ५० टक्के काम मशीन शॉपचं, ४० असेंब्लीचं, १० कँटीनचं. कँटीनचं ३० टक्के मशीन शॉपचं, ५० असेंब्लीचं, २० मेंटेनन्सच्या माणसांचं. थेट पद्धतीत हे दोन सेवा विभाग एकमेकांना काही देतच नाहीत असं धरायचं. मशीन शॉपवर ८८,५५६ रुपये बसतात. पायरीच्या पद्धतीत एका सेवा विभागाचा खर्च आधी सगळ्यांवर वाटायचा, मग त्याच्याकडे परत काही येत नाही. आधी मेंटेनन्सचं खातं मोकळं केलंस तर ८६,७५०, आधी कँटीनचं केलंस तर ९१,७३३. दोघांचं एकमेकांशी देणंघेणं धरून दोन समीकरणं मांडून सोडवलंस तर मेंटेनन्स १,२०,००० आणि कँटीन १,००,००० येतं आणि मशीन शॉपवर बरोबर ९०,००० पडतात. बेरीज २,२०,००० झाली म्हणून दचकू नकोस. एकमेकांकडे गेलेले पैसे त्यात दोन्हीकडे धरले जातात. उत्पादन विभागांवर शेवटी १,८८,०००च उतरतात. देणंघेणं खरोखर दोन्हीकडून आहे, म्हणून मला हीच पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

पण बघ, सगळ्या उत्तरांत मिळून फरक पाच हजारांच्या आतला. मी जी चूक केली ती याच्या पाचपट होती.

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कॉस्टिंगला, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब काढायला, लागलो तेव्हा तिथे मेंटेनन्सचा खर्च चौरस फुटांवर वाटायचे. तक्ता आयता मिळाला, मीही तोच पुढे चालवला. असेंब्लीचा हॉल ऐसपैस, मशीन शॉप दाटीवाटीचं. तुझ्या गणितात तेच मशीन शॉप ३०, असेंब्ली ७० धरून बघ: थेट पद्धतीने असेंब्लीवर ४४,४४४ऐवजी ७०,००० पडतात. आमचंही तसंच झालं. असेंब्लीत जोडल्या जाणाऱ्या पंपाची किंमत कागदावर फुगली, बाजारात भाव बसेना. उलट मशीन शॉपमधली बाहेरची टर्निंगची (लेथवरची) कामं स्वस्तात पडतात असं समजून आम्ही ती पडत्या दरात घेत राहिलो.

एकदा असेंब्लीचे फोरमन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “साहेब, माझ्याकडे फिटर महिन्यातनं दोनदा येतोय. तेवढ्याला एवढा खर्च?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी मेंटेनन्सच्या शेडमध्ये गेलो. खिळ्याला तारेत ओवलेली जॉब कार्डं होती, ग्रीसच्या बोटांनी काळी झालेली. ‘लेथ नं. ४, बेल्ट तुटला, २ तास.’ ‘ड्रिल, बेअरिंग, ३ तास.’ तीन महिन्यांची कार्डं तिथेच बसून वहीत उतरवली. निम्म्याहून जास्त तास मशीन शॉपचे निघाले. हॉल मोठा असला म्हणून तिथली यंत्रं जास्त बिघडत नाहीत, एवढं साधं मला वर्षभर दिसलं नव्हतं. त्या वर्षी असेंब्लीच्या लोकांना प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्या तक्त्यामुळे. अजून डाचतं.

परीक्षेत वाटणीचा आधार, म्हणजे खर्च कशाच्या प्रमाणात वाटायचा ते, प्रश्नातच दिलेला असतो, त्यामुळे तिथे समीकरणांचा सराव कर. पण नोकरीत तो तुला ठरवावा लागेल. कँटीनला माणसं, स्टोअर्सला मागणीच्या चिठ्ठ्या, मेंटेनन्सला तास, असं पुस्तकात आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही आहे. तरी एकदा शॉपमध्ये फिरून ये. आणि वाटताना दर अंदाजपत्रकातला लाव. प्रत्यक्ष खर्चच वाटलास तर मेंटेनन्सची उधळपट्टी मशीन शॉपच्या माथी जाते आणि ती कोणी केली ते कधी कळत नाही.

ती वही मी जपून ठेवली आहे. दिवाळीला आलीस की दोघं मिळून बघू. आईने डबा पाठवलाय, उद्या पोचेल. जागरण फार करू नकोस.

तुझे,
बाबा