ओट्याचा दगड आधी, कपाटाचा रंग मागून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वयंपाकघरातल्या आयलंडवर, म्हणजे मधोमध सुट्या उभ्या असलेल्या ओट्यावर, लेख आला होता. फोटो देखणे होते. तेव्हापासून लोक ती पुरवणी घडी घालून माझ्याकडे आणतात आणि पांढऱ्या दगडावर बोट ठेवून म्हणतात, ‘मिस्त्री, असंच पाहिजे.’ मी दर्यापूर तालुक्यात फर्निचरचं काम करतो. वडील दारं-चौकटी आणि बंड्यांची चाकं करायचे, माझ्या वाट्याला मॉड्युलर किचन आलं. लेखात कपाटाला शोभेल असा दगड कसा निवडावा ते सांगितलंय, पण आमच्याकडचं पाणी, माती आणि फोडणी लेखकाला माहीत नसावी. म्हणून हे पत्र.

खेड्यात आयलंड म्हणजे उगीच नखरा, असं मला वाटत नाही. उलट जागा आमच्याकडेच आहे. मधल्या ओट्याच्या चारही बाजूंनी तीन-साडेतीन फुटांची वाट सुटली पाहिजे, म्हणजे एकीनं ड्रॉवर उघडला तरी दुसरीला मागून जाता येतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात त्यासाठी भिंत पाडावी लागते. आमच्याकडे नव्या घरात बारा बाय चौदाचं स्वयंपाकघर सर्रास निघतं. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायला, उन्हाळ्यात पापडाला आणि घरी कार्य निघालं की पुऱ्यांच्या पराती ठेवायला मधला ओटा कामीच येतो.

घोडं अडतं ते क्रमावर. गिऱ्हाईक येतं ते कपाटाचा रंग पक्का करूनच. मोबाइलवर सनमायकाचा कॅटलॉग पाहिलेला असतो. शटर, म्हणजे कपाटाची दारं, कापायला घ्या, दगडाचं मागून बघू, असा हिशेब. मी म्हणतो, उलट करा. सनमायका शेकडो शेडमध्ये मिळतो, आज नाही तर चार दिवसांनी अमरावतीहून येतो. दगड खाणीतून निघेल तसाच घ्यावा लागतो, आणि एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये रंग बदलतो. आधी गोदामात जाऊन प्रत्यक्ष स्लॅब, म्हणजे दगडाची अखंड लादी, पसंत करा, त्यावर खडूनं आपलं नाव घाला, मग कपाट ठरवा. भिंतीचा ओटा आणि मधला ओटा एकाच दगडाचे हवे असतील तर दोन्हींचा माल एकदमच उचला. मागून आणलेला स्लॅब शेजारी ठेवला की सावत्र दिसतो.

गोदामात जाताना सनमायकाचे दोन-चार तुकडे पिशवीत टाका. स्लॅब ओल्या फडक्यानं पुसा, कारण धुळीखाली खरा रंग दिसत नाही. मग तुकडा सरळ दगडाला टेकवा. पिवळट क्रीम सनमायका निळसर करड्या ग्रॅनाइटला टेकवला की क्रीम मळका वाटायला लागतो. तोच तुकडा तपकिरी ठिपक्यांच्या दगडाजवळ उजळतो. दगडावर मोठ्या लाटा असतील तर कपाट एका रंगाचं, साधं ठेवा. कपाटाला लाकडी रेषा हव्याच असतील तर दगड बारीक ठिपक्यांचा घ्या. दोन्हीकडे नक्षी झाली की नजर कुठंच ठरत नाही. जमलं तर दगडाचा तुकडा घरी आणून रात्री आपल्याच दिव्याखाली बघा. उन्हात पाहिलेला रंग पांढऱ्या एलईडीखाली वेगळाच निघतो.

परतवाड्याहून सागवान आणून त्याचीच शटर करणारे अजून आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. रंधा मारलेलं ताजं सागवान फिकट, मधूनमधून हिरवट पट्ट्यांचं असतं. उजेड लागत गेला की ते सोनेरी तपकिरी होतं. ताज्या फळीशी दगड जुळवला तर पुढं दोघांचं जमत नाही. त्यापेक्षा घरातल्या जुन्या दाराच्या चौकटीला दगडाचा तुकडा लावून पाहा. तुमची कपाटं त्याच रंगाकडे चालली आहेत. करीमनगरकडचा टॅन ब्राऊन ग्रॅनाइट सागवानाला फार छान जातो, असं माझं मत.

आता पाणी. आमचा मुलूख पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, म्हणजे इथं जमिनीखालचं पाणीच खारं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. नळाचं गोडं पाणी जपून वापरायचं आणि भांडी घासायला बोअर. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर या पाण्याचा थेंब वाळला की मागे पांढरं कडं उरतं. तोटीच्या बुडाशी तर असा थर धरतो की नखानं खरवडला की पापुद्रा निघतो. एका घरी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी बसवला होता, काळ्यावर सोनेरी चांदण्यांचा, चांगला महागाचा. काही महिन्यांनी बिजागरी कसायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, ‘भाऊ, यात चांदण्या कोणत्या अन् खार कोणता, मले तं काहीच समजत नाही.’ दगडात खोट नव्हती, पण बोअरच्या पाण्यापाशी त्याला बसवायलाच नको होता. सिंक नसलेल्या मधल्या ओट्यावर तोच दगड वर्षानुवर्षं शोभला असता. म्हणून बोअरवाल्यांना माझं सांगणं, सिंकच्या बाजूला तपकिरी किंवा करड्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट घ्या, त्यात खार लपतो, आणि काळ्याची हौस मधल्या ओट्यावर भागवा.

संगमरवराचं दुखणं निराळं. तो चुन्याच्या जातीचा, त्यामुळे लिंबू, चिंच, ताक सांडलं की तिथली चकाकी जाते, आणि हळदीच्या तेलाचा हात लागला तर डाग आत उतरतो. कडप्पाही चुनखडीचाच. आमच्या आयांनी कडप्प्याच्या ओट्यावर हयात काढली, कारण तो आरशासारखा दिसावा असा कुणाचा हट्ट नव्हता. दुकानदार ग्रॅनाइट म्हणून काय देतोय याची खात्री नसेल तर तुकडा मागून घ्या. त्यावर लिंबाचा रस थेंबभर ठेवून थोड्या वेळानं पुसा. डाग निस्तेज पडला तर तो ग्रॅनाइट नव्हे. पाण्याचे थेंब ठेवून दहा मिनिटांनी बघा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. त्याला सीलर, म्हणजे बारीक छिद्रं बुजवणारं द्रव, लावावंच लागेल. काळा रंग मारून विकलेला दगडही बाजारात येतो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कापसावर घेऊन घासलं आणि कापूस काळा झाला तर उठून या.

लेखात वजनाचं नावच नाही. वीस मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. सहा बाय तीनचा मधला ओटा म्हणजे नुसता दगडच नव्वद किलो. तो कशावर बसवणार? भिंतीचा ओटा निदान भिंतीला धरून असतो, हा चारही बाजूंनी उघडा. पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा, खोका याच्याखाली कुणी सुचवला तर हात जोडा, एकदा पोछ्याचं पाणी प्यायला की तो बुडातून फुगतो. प्लायच हवा असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा, घ्या आणि खाली पाय लावून जमिनीपासून उचला. माझ्या मतानं मात्र कडप्प्याच्या उभ्या फरशांचा सांगाडा, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेरून फक्त शटर, हेच आमच्याकडे टिकतं. वाळवीलाही त्यात खायला काही सापडत नाही. यात माझं काम निम्मं होतं, तरी सांगतो.

त्याच्याही खाली माती आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्यात मुरूम न भरता पाया खोदलेलीच काळी माती लोटली असेल तर फरशी खालीवर होतेच. मधला ओटा फरशीवर सुटा; एक कोपरा दबला की दगड शेगडीसाठी कापलेल्या भोकाशेजारच्या अरुंद पट्टीत तडकतो. लोक मग दगडवाल्याला शिव्या घालतात. आधी लाकडी दांड्यानं फरशी ठोकून पाहा. पोकळ वाजली तर तेवढ्या भागातली माती उपसून मुरूम दाबा, जाळी टाकून काँक्रीटचा एकसंध बेड करा आणि मग ओटा उभा करा. शेगडीच्या कापाचे कोपरे गोल ठेवायला सांगा, चौकोनी कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. कडेपासून चार बोटं तरी दगड शिल्लक हवा. दगडाच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घेतली की सांडलेलं पाणी तिथंच ठिबकतं, शटरपर्यंत जात नाही. एवढ्याशा कामाला फिटर कंटाळतात. पैसे द्यायच्या आधी कडेखालून बोट फिरवा.

उंचीचं थोडक्यात: फोटोतले ओटे छत्तीस इंचांचे असतात, ते उभ्यानं भाजी चिरायला ठीक. ज्वारीची भाकर त्यावर थापायची तर खांदे वर जातात. घरच्या बाईला उभं करून कोपराच्या चार बोटं खाली खूण करा आणि तीच उंची धरा.

राहता राहिला फोटोतला तो पांढराशुभ्र दगड. तो बहुतेक क्वार्ट्झ, म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन (प्लास्टिकच्या जातीचा डिंक) दाबून केलेला. डाग लवकर धरत नाही, हे खरं. पण त्यातलं रेझिन उष्णतेला कच्चं असतं. चुलीवरून उतरवलेली कढई सरळ ठेवली तर कायमची खूण राहते. ऊन येणाऱ्या खिडकीपाशी तो पिवळाही पडतो. शिवाय त्यात सिलिकाचं, म्हणजे वाळूतल्या खनिजाचं, प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा खूप जास्त, नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकतं. सुका कापत राहिलं तर ती धूळ छातीत जाते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियानं याच कारणानं १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदी आणली. आमच्याकडे तो अंगणात ग्राइंडरनं सुकाच कापतात, तोंडाला दुपट्टा बांधून, आणि घरची लेकरं बाजूला उभी राहून बघतात. ग्रॅनाइटची धूळही काही चांगली नव्हे. दगड कोणताही घ्या, तो पाणी सोडतच कापला जाईल असं दुकानात ठरवून घ्या, किंवा गोदामातूनच मापात कापून आणा.

पुढच्या वेळी पुरवणीत ओट्यांचे फोटो छापाल तेव्हा त्यातला एखादा बोअरच्या पाण्यावर चार-पाच वर्षं वापरलेला छापा, आणि सोबत दगड कापणाऱ्या पोरांबद्दलही चार ओळी येऊ द्या, ही विनंती.

आपला,
एक फर्निचर मिस्त्री
ता. दर्यापूर, जि. अमरावती