त्या तासाचा हिशेब मला देऊ नकोस

अशोक चौक, सोलापूर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, त्या मॅडम काही सांगतच नाहीत गं. मी बोलतो, त्या ऐकतात, मधेच माझंच म्हणणं नीट लावून विचारतात, 'असं वाटतंय का?' मग पैसे कशाचे द्यायचे?" बाबा शेजारी होते म्हणून मी विषय वाढवला नाही. पण एवढ्यावरून तू हे ऑनलाइन समुपदेशन बंद करू नयेस असं मला फार वाटतं, म्हणून लिहिते आहे.

त्या समुपदेशक मॅडमची पद्धत क्लायंट-सेंटर्ड आहे, म्हणजे सल्ला न देता समोरच्या माणसाच्याच कलाने ऐकत जाण्याची, असं तू सांगितलंस, तेव्हापासून मी मिळेल ते वाचते आहे. ही पद्धत मांडली ती कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी समोरच्या माणसाला 'पेशंट' न म्हणता 'क्लायंट' म्हटलं. त्याआधी ते रॉचेस्टर गावी मुलांसाठीच्या केंद्रात काम करायचे. तिथे एक आई आपल्या द्वाड मुलासाठी यायची. तिने मुलाला लहानपणी झिडकारलं, तिथेच सगळ्याचं मूळ आहे, असं रॉजर्सना वाटे. ते तिला पटवत राहिले, तिला काही उमजेना. शेवटी दोघांनी ठरवलं की आता थांबू. ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिने विचारलं, "इथे मोठ्या माणसांनाही घेता का?" मग परत येऊन बसली आणि आपल्या संसाराचं दुःख बोलू लागली. आधीच्या भेटींत त्यातलं काहीच निघालं नव्हतं. कुठे दुखतंय आणि कुठल्या बाजूला जायचं हे त्या माणसालाच ठाऊक असतं, हे आपण तिथे शिकलो, असं रॉजर्सनी पुढे लिहिलं. निखिल, त्या बाईचा प्रसंग वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

आता आपल्या घराकडे बघ. सल्ल्याला कधी तोटा आहे का? मामा म्हणतो नोकरी बदल, काकू म्हणते लग्न करून टाका, आजी म्हणते सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांचं दर्शन घेऊन ये. प्रत्येकाच्या बोलण्यात माया आहे आणि आजीबरोबर तू जरूर जा. पण हे सगळे सल्ले तुझं म्हणणं पुरतं ऐकून होण्याआधीच आलेत. मीसुद्धा आईच आहे. तू 'थकलो' म्हणालास की मला आधी तुझं जेवण आणि झोप दिसते, लगेच मी उपाय शोधायला लागते. ते माझं काम आहे आणि मी ते सोडणार नाही. म्हणून तर तुला असं एक माणूस हवं, ज्याला तुझ्याकडून काहीच नको आहे. तू चिडलास, रडलास, बाबांबद्दल वाकडं बोललास, माझ्याबद्दलही बोललास, तरी ज्याच्या नजरेत तू कमी होत नाहीस. विनाअट स्वीकार म्हणतात तो हाच. समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि स्वतः खोटं न वागणं याही अटी रॉजर्सनी सांगितल्यात, पण मला ही सगळ्यांत अवघड वाटते. गप्प राहून असं ऐकायला शिक्षण लागतं. पैसे त्याचे आहेत.

आणि जे मला सांगितलंस तेच त्यांना सांग. "तुम्ही काही सांगत नाही याचा मला राग येतो," असं सरळ म्हण. या पद्धतीत ते चालतं, उलट तिथूनच खरं बोलणं सुरू होऊ शकतं. स्क्रीनवर त्यांना तुझा फक्त चेहरा दिसतो. पोटात गोळा आला, हात थरथरले, तर तेही तोंडाने सांगावं लागेल. मराठीतच सांग. 'जीव घाबरा होतो' हे इंग्रजीत कसं सांगायचं म्हणून अडू नकोस. मधेच कॉल तुटला तर कुणी कुणाला लावायचा, हे आधी ठरवून घे. त्यांचं शिक्षण कुठलं, आपलं बोलणं त्या कुठे नोंदवून ठेवतात, हे विचारायला संकोच करू नकोस. मानसिक आरोग्याच्या उपचारांतली माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र त्याला अपवाद असतो.

एक गोष्ट आई म्हणून बजावून सांगते. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली, तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचं. औषध लिहून देणं समुपदेशकांचं काम नाही. आणि जगणं नको वाटलं तर कितीही रात्र असो, मला उठव, नाहीतर १४४१६ ला फोन लाव. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

दिवाळीत येशील तेव्हाही सेशन चुकवू नकोस. गच्चीवरची खोली मी रिकामी करून ठेवते, मोडेमच्या जवळची तीच आहे. एरवी मागच्या गल्लीतल्या मागांच्या खडखडीत वरचं बोलणं खाली येत नाही. सणात माग बंद असतील, तर मी खाली टीव्ही लावून ठेवीन. बाबांना सांगितलंय, त्या वेळात जिना चढायचा नाही. खाली आल्यावर "काय बोललास?" असं तुला कुणी विचारणार नाही, मीही नाही.

वार आणि वेळ तेवढी कळव. नळाला पाणी त्याच दिवशी आलं तर मोटर तुझं झाल्यावर लावू.

तुझी,
आई